दुपारी अडीचचा फॉल्ट

६ जानेवारी, सोमवार

पतसंस्थेची डायरी दरवर्षी फुकट येते आणि दरवर्षी लेकीची, प्रगतीची पोरं तिच्यात हत्ती-घोडे काढतात. यंदा मी ती त्यांच्यापासून लपवून ठेवली. कारण आहे. छत्तीस वर्षं साखर कारखान्यात वायरमन म्हणून काढली. तिथं पाळी संपली की लॉगबुक लिहावं लागायचं. फॉल्ट काय, किती वाजता, कुणी काढला. लिहून ठेवल्याशिवाय फॉल्ट सापडत नाही, हे मी नव्या पोरांना ओरडून ओरडून शिकवलंय.

रिटायर झाल्यावर बारामतीत हे घर बांधलं. खाली मी आणि बायको सरू, वरच्या दोन मजल्यांवर कॉलेजच्या चौदा मुली. वसतिगृह म्हणायचं आपलं. नेटचा डबा, म्हणजे राउटर, खाली स्वयंपाकघराबाहेरच्या बोळात भिंतीवर आहे. दिवाळीपासून दुपारचं नेट जातं. लाइट असते, पंखे फिरतात, नेट तेवढं मरतं. मुली जिन्यातून ओरडतात, "तात्याऽ, नेट!" जसं काही मी ते खिशात घालून बसलोय.

आजची नोंद: दुपारी २.३५ ला गेलं. वरची उत्कर्षा खाली येऊन बघून गेली, २.५० ला आलं. कारण कळलं नाही.

८ जानेवारी, बुधवार

आज तीन दुखणी काढली. पहिलं राजलक्ष्मीचं. हिचे वडील मोठे द्राक्षबागायतदार, लॅपटॉप महागातला, पण बाईसाहेब तो गादीवर ठेवून वापरतात. खालून हवा बंद, मग तापतो आणि आपोआप बंद पडतो. म्हटलं, "अगं, तुझ्या नाकावर कुणी उशी दाबली तर तू चालशील का?" स्टुलावर ठेवला, झाला नीट. दुसरीचं नेट लागतच नव्हतं, तर विमानाचं चित्र असलेलं बटण दाबलं गेलेलं. तिसरीचा लॅपटॉप मागून मागून आपलं आपणच काहीतरी उतरवून घेत होता, म्हणून सगळ्या मजल्याचं नेट रांगत होतं.

हे सगळं मला उत्कर्षानं शिकवलं, खोटं कशाला बोला. पणदऱ्याची पोरगी. कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. बोलायला फटकळ, पण हुशार. मला म्हणते, "तात्या, तुम्ही माझे सगळ्यात म्हातारे विद्यार्थी." मी म्हणालो, "आणि तू माझी सगळ्यात उद्धट मास्तरीण."

सरूनं तिला चहा दिला. पाच मिनिटांनी परत दिला. उत्कर्षा काही न बोलता दोन्ही प्याली. लाडावून ठेवलंय सरूनं तिला.

नेट: २.३० ला गेलं, २.४० ला आलं.

११ जानेवारी, शनिवार

कंपनीचा लाइनमन संभाजी येऊन गेला. खांबापासून डब्यापर्यंत वायर तपासली, मशीन लावून बघितलं. म्हणाला, "तात्या, लाइन चोख हाय. फॉल्ट घरातच बघा. काखेत कळसा न् गावाला वळसा नगं व्हायला."

मला राग आला. छत्तीस वर्षं ज्यानं कारखान्यातले फॉल्ट वासावरून काढले, त्याला हा कालचा पोर शिकवणार. पण पाहुणा आलेला, गप्प बसलो. सरूनं त्याला जेवायला वाढलं. जेवून हात धुवून आला तर परत ताट वाढून ठेवलेलं. तो हसला, "काकी, दोन पोटं न्हाईत मला." सरूपण हसली, पण जरा उशिरानं.

१५ जानेवारी, बुधवार

काल संक्रांत. प्रगती इंदापूरहून आली होती. जाताना मला बाजूला घेऊन म्हणाली, "तात्या, आईला डॉक्टरांना दाखवा. मला तिळगूळ देताना दोन मिनिटं नुसती बघत राहिली. माझं नाव आठवत नव्हतं तिला."

म्हटलं, "घरात चौदा पोरी अधिक तू, कुणाकुणाची नावं लक्षात ठेवायची तिनं? वय झालं. माझाही चष्मा डोक्यावर असतो न् मी घरभर शोधतो."

"तुम्ही नाही नेलंत तर मी घेऊन जाईन तिला इंदापूरला. माझ्याकडंच ठेवीन."

मी तिथंच तोडून टाकलं. म्हटलं, तुझी आई माझ्याशिवाय चार दिवस राहायची नाही. अडतीस वर्षांचा संसार आहे. लेक असली म्हणून काय झालं, तिला इथलं काय माहीत?

आज उत्कर्षाचं नवीनच. म्हणते, "तात्या, राउटर वरच्या मजल्यावर नेऊ या. नाहीतर त्याच्या बटणावर तरी झाकण बसवा." मी कारण विचारलं तर इकडंतिकडं बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "तात्या, काकूंना एकदा दवाखान्यात..."

म्हटलं, "तू नेटचं बघ. घरचं आमचं आम्ही बघतो."

तोंड एवढंसं झालं तिचं. झालं तर झालं. चार दिवस लाड केले की पोरी डोक्यावर बसतात.

२२ जानेवारी, बुधवार

सगळ्या नोंदी समोर घेऊन बसलो. एकूण अकरा वेळा गेलं. अकराही वेळा दुपारी अडीचच्या आसपास. यंत्राला घड्याळ कळत नाही. म्हणजे फॉल्ट यंत्राचा नाही, माणसाचा आहे. कुणीतरी मुद्दाम बंद करतंय.

आणि आज मी दुपारी लवंडलो होतो तो तहान लागली म्हणून उठलो, तर बोळात उत्कर्षा. हात राउटरच्या बटणावर. मला बघून दचकली.

"काय करतेस?"

"बंद पडलं होतं, चालू करतेय."

"वर बसून तुला कळलं, आणि बाकीच्या तेरा जणींना कळलं नाही?"

तिनं बटण दाबलं न् जिना चढून गेली. सरू स्वयंपाकघराच्या दारात पदर धरून उभी होती. मला हे बरं वाटलं नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काही उगाच नाही.

२९ जानेवारी, बुधवार

आज शोभा झाली. राजलक्ष्मीची नोकरीसाठी ऑनलाइन परीक्षा होती, दोन ते तीन. अडीचला नेट गेलं. फोनवरचं नेट लावेपर्यंत परीक्षेनं तिला बाहेर काढलं. वरून जी रडत आली. तिचे वडील तासाभरात गाडी घेऊन दारात. एवढा मोठा माणूस, पण बोळात उभं राहून मला ताडताड बोलला. "तात्या, पोरगी तुमच्या भरवशावर ठेवली. एवढं एक नेट सांभाळता येईना तुमाला?"

मला माझ्याच दारात असं कुणी कधी बोललं नव्हतं.

नेट गेल्यावर मी धावलो तेव्हा बोळात कोण होतं? उत्कर्षा. बटणापाशी. सगळ्यांसमोर विचारलं. म्हटलं, हे काम ज्याला कळतं त्याचंच आहे, आणि या घरात ते तुलाच कळतं. राजलक्ष्मीला नोकरी लागू नये म्हणून केलंस का?

तिनं माझ्याकडं बघितलंच नाही. माझ्या मागं बघत होती, स्वयंपाकघराच्या दाराकडं. सरू तिथं उभी होती, हात जोडून. भांडणाला घाबरते ती, पहिल्यापासून. मग उत्कर्षा म्हणाली, "चूक झाली तात्या."

एवढंच. ना कारण, ना माफी. मी तिच्या घरी फोन केला, घेऊन जा म्हणालो. संध्याकाळच्या आत बॅग भरून गेली. जाताना सरूच्या पाया पडली. सरू तिच्या गालावरून हात फिरवत राहिली, सोडेचना. मी म्हटलं, "अगं, सोड आता. गुण उधळलेत तिनं."

जेवण गेलं नाही. मला पोरगी आवडायची, हे लिहून ठेवतो.

१ फेब्रुवारी, शनिवार

तीन दिवस झाले. नेट एकदाही गेलं नाही! राजलक्ष्मी म्हणाली, "तात्या, ग्रेट आहात." म्हटलं, फॉल्ट काढणं हा छत्तीस वर्षांचा धंदा आहे बाई. दुःख एवढंच की फॉल्ट आपल्याच माणसात निघाला.

घर सुनं लागतंय. परवा प्रगती येऊन सरूला हळदीकुंकवासाठी इंदापूरला घेऊन गेली. रथसप्तमीला आणून सोडणार. माझा मीच भात टाकला, खाली लागला.

५ फेब्रुवारी, बुधवार

काल सरू आली. आज दुपारी २.३० ला नेट गेलं.

मी बोळात धावलो. राउटरचं बटण बंद होतं. उत्कर्षा पणदऱ्यात. मग कुणी केलं?

वाटलं, राजलक्ष्मी? ती कशाला करील? वाटलं, बटण ढिलं झालं असेल. उघडून बघितलं. बटण चांगलं कडक होतं.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दोन वाजता धान्याच्या कोठीमागं पाटावर बसलो. घरात कुणाला सांगितलं नाही. लपून का बसलो, ते तेव्हा कळत नव्हतं. आता वाटतं, कळत होतं.

अडीचला सरू स्वयंपाकघरातून आली. हात पदराला पुसत. फ्रिज घुर्र करत होता. ती भिंतीपाशी थांबली, कान लावला. राउटरच्या हिरव्या दिव्यांकडं बघितलं. म्हणाली, "पानी तुटलं बया. कोरडी चालतीया." आणि बटण दाबलं. दिवे गेले. भिंतीला तळवा टेकून उभी राहिली, धाप लागल्यागत. मग म्हणाली, "वाचली." आणि आत जाऊन पोळ्यांची कणीक परत मळायला बसली. सकाळी मळलेली कणीक शेजारी तशीच होती.

वरून मुली ओरडल्या, "तात्याऽ, नेट!"

मी उठून चालू केलं.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

झोप नाही. लिहून काढतो.

पूर्वी आमचं शेत लोणी भापकरला होतं. मी भवानीनगरच्या कॉलनीत राहून कारखान्याच्या पाळ्या करायचो आणि सरू शेतावर एकटी. विहिरीवर मोटार. स्टार्टरचा डबा भिंतीवर, हिरवं बटण चालू, लाल बटण बंद. उन्हाळ्यात दुपारी अडीचच्या सुमाराला विहिरीचं पाणी तुटायचं. पाणी तुटलं की मोटार लगेच बंद करायची, नाहीतर कोरडी चालून जळते. मोटारीचा आवाज बदलतो. ते कानानं ओळखायला मीच शिकवलं होतं सरूला.

अठ्ठ्याण्णव साली प्रगती सहा वर्षांची. तिला ताप भरला म्हणून सरू तिला घेऊन वस्तीवर गेली, मोटारीची आठवण राहिली नाही. मोटार जळाली. वांगी ऐन भरात होती, ती गेली. मी पाळी करून आलो आणि लई बोललो तिला. चार लोकांत बोललो. राग होता, दुसरं काय. त्यानंतर परत कधी तो विषय निघाला नाही. मी तर विसरूनही गेलो होतो.

आज तिला जवळ बसवून विचारलं, "सरू, भिंतीवरचा डबा का बंद करतेस?"

"म्या? मी कशाला हात लावू? मला काय कळतंय त्यातलं?"

खरंच तिला आठवत नव्हतं. माझ्याकडं बघून म्हणाली, "अवो, तुमी रडताय का? कोन गेलं?"

९ फेब्रुवारी, रविवार

पणदऱ्याला गेलो. दारात उत्कर्षाची आजी, कुशाबाई, शेंगा फोडत बसलेली. मी नाव सांगितलं तरी ती उठली नाही. म्हणाली, "आता कशाला आलाय? पोरीला हॉस्टेलातनं हाकलली म्हंजे गावानं काय काय अर्थ काढलं, ठावं हाय का तुमाला? एक स्थळ बघून गेलं हुतं, तेबी फिरलं."

"चूक माझी झाली, आजी. पोरगी निर्दोष आहे. गावात चौकात उभं राहून सांगतो म्हणाल तर सांगतो."

"चौकात सांगून तोंडं बंद हुत्यात व्हय?"

उत्कर्षा पाणी घेऊन आली. म्हटलं, "कधीपासून माहीत होतं तुला?"

"दिवाळीपासून. काकू बंद करायच्या, मी खाली येऊन चालू करायचे. कोण बंद करतं ते चौदाजणींत कुणाला कळलं नव्हतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की तात्या. तुम्ही म्हणालात, तू नेटचं बघ."

तिनंच पुढं सांगितलं. एकदा काकू बटण दाबताना सापडल्या तेव्हा तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घातली होती, ह्यांना सांगू नको म्हणून. "खूप घाबरल्या होत्या. म्हणून त्या दिवशी मी माझ्यावर घेतलं. मला वाटलं, तुम्ही चार शब्द बोलाल आणि सोडून द्याल. घरी पाठवाल असं नव्हतं वाटलं."

सरू मला कशाला घाबरेल? पण ते मी तिला विचारलं नाही.

परत ये म्हणालो. नाही म्हणाली, वडील आता पाठवणार नाहीत, एसटीनं रोज जाऊन-येऊन वर्ष पुरं करीन. निघताना तिनं विचारलं, "काकू माझी आठवण काढतात का?"

"रोज," म्हणालो. सरूनं एकदाही तिचं नाव काढलेलं नाही.

१० फेब्रुवारी, सोमवार

सगळ्या मुलींना जिन्यात बसवून खरं काय ते सांगितलं. राजलक्ष्मी हुंदके देऊन रडली. तिनं वडिलांना फोन लावून माझ्या हातात दिला, त्यांनाही सांगितलं. ते नुसतं "असूं दे, असूं दे तात्या" म्हणत राहिले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पुण्याच्या डॉक्टरांचा रिपोर्ट आला. प्रगती आणि मी दोघं गेलो होतो. हे वयाचं नाही, आजार आहे म्हणाले. साठीच्या आतही होतो. आत्ताचं पुसत जाईल आणि जुनं जवळ येत जाईल. औषधानं जरा हळू होईल, थांबणार नाही. मी विचारलं, "फॉल्ट नेमका कुठं आहे?" ते चांगले गृहस्थ होते, मेंदूचा फोटो दाखवला. मला त्यात काही दिसलं नाही. कळायला तरी काय, तिथं टेस्टर थोडाच लागतो.

गाडीत प्रगती म्हणाली, "तात्या, आता आईला माझ्याकडं येऊ द्या. तुम्हीही चला."

"आणि या मुली? वर्षाच्या मध्ये कुठं जातील? आणि तुझी आई मला सोडून राहायची नाही. तिला माझी सवय आहे."

प्रगतीनं खिडकीची काच वर केली. मग म्हणाली, "तात्या, आईला तुमची सवय आहे का धाक आहे, हे मला कधी कळलंच नाही."

म्हटलं, "धाक वेगळा आणि माया वेगळी. तुम्हा आजकालच्या पोरींना नाही कळायचं."

नाही म्हणजे नाही. मी सांभाळीन तिला. मी काढीन यातून वाट.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

वाट काढली. राउटर दुसऱ्या मजल्यावर नेला, संभाजीनं वायर ओढून दिली. कमी नाही की जास्ती नाही, उत्कर्षा म्हणाली होती तसंच. तेव्हा ऐकलं असतं तर!

पण मग सरू दुपारी काय बंद करणार? परवा अडीच वाजता रिकाम्या भिंतीवर हात फिरवत होती, रडकुंडीला आलेली. म्हणून लोणी भापकरला जाऊन भावकीकडून जुना स्टार्टरचा डबा मागून आणला. आतलं सगळं काढून टाकलं, एक बारका दिवा बसवला. सकाळी मी हिरवं दाबतो, दिवा लागतो. दुपारी ती लाल दाबते, विझतो. बोळात राउटरच्या जागीच ठोकला.

आज पहिल्यांदा चालला. अडीचला सरू आली, खटकन् बटण दाबलं, दिवा विझला आणि तिचं तोंड असं उजळलं की काय सांगू. वर नेट चालू, खाली सरू खूश. मी प्रगतीला फोन करून ऐकवलं. म्हटलं, बघ, तुझ्या डॉक्टरांना हे सुचलं असतं का?

२७ फेब्रुवारी, गुरुवार

प्रगतीला फोन केला. म्हणालो, रविवारी ये आणि आईला घेऊन जा. तुझ्याकडंच राहू दे. ती म्हणाली, "काय झालं तात्या? परवापर्यंत तर ऐकायला तयार नव्हता." मी सांगितलं नाही. इथं लिहितो.

आज दिवा मिणमिणत होता म्हणून दुपारी डबा उघडून बसलो होतो. हातात पक्कड, खांद्यावर टॉवेल. सरू अडीचला आली. मी बाजूला झालो. तिनं लाल बटण दाबलं, भिंतीला हात टेकून जरा वेळ थांबली. मग माझ्याकडं वळली. माझ्याकडंच बघत होती, पण मी तिला दिसत नव्हतो.

"वायरमन, जरा आवाज बघा मोटारीचा. जळली न्हाई न्हवं?"

"न्हाई," म्हणालो. "चांगली हाय."

"आज जरा उशीर झाला मला. पोरीला ताप हाय." मग तिनं बोळाच्या दोन्ही टोकांना बघितलं आणि जवळ येऊन हळू आवाजात म्हणाली, "तेवढं आमच्या ह्यांना सांगू नगा. मारत्यात."

सात तारखेला मी वर लिहिलंय, बोललो म्हणून. बोललो नाही फक्त. विहिरीवर चार लोक उभे होते, प्रगती तिच्या कडेवर तापानं फणफणलेली, आणि मी सरूच्या तोंडात मारली. एकदाच. पुन्हा कधी हात उचलला नाही. ते मला आज म्हणायचं होतं तिला, एकदाच मारलं सरू, एकदाच. तोंडापर्यंत आलं. पण ती एवढी घाबरून वाट बघत होती की मी काय म्हणतो.

म्हणालो, "न्हाई सांगत, वहिनी."

तिचा जीव भांड्यात पडला. म्हणाली, "बसा, च्या टाकते. पर बिगीनं प्या न् जावा. त्यांची पाळी सुटायची येळ झाली."

मी बाहेरच्या पायरीवर बसून चहा प्यालो, कप विसळून तिच्या हातात दिला आणि फाटकाबाहेर जाऊन उभा राहिलो.